दिगंबरने साखर सोडली होती

सकाळी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे उठंनात वो…" एवढंच त्या बोलल्या. चिंचवडला आमच्या इमारती समोरासमोर. मी चपला न घालताच धावलो, पण दिगंबर गेला होता. झोपेतच हृदय थांबलं. आता दीडेक महिना होईल. चाकणच्या कारखान्यात आम्ही एकाच खात्यात होतो आणि निवृत्त होईपर्यंत कंपनीच्या बसमध्ये एकाच सीटवर शेजारी शेजारी बसलो. तो आठवला की रडू यायच्या आधी हसूच येतं, काय करणार…

कंपनीच्या तपासणीत त्याला मधुमेह निघाला, त्या दिवशी त्याने बसमध्ये उभं राहून जाहीर केलं, "आजपासून साखर बंद!" आणि खरंच केली. चहा बिनसाखरेचा. गणपतीचा मोदक कपाळाला लावून शेजाऱ्याच्या ताटात. राजगुरुनगरच्या एका लग्नात जिलबी आली तेव्हा याने ताटावर दोन्ही हात असे आडवे धरले, की वाढप्याला वाटलं, पाहुण्यांचं काहीतरी बिनसलंय. अख्ख्या पंगतीला कळेपर्यंत हात काही हलले नाहीत. पण बसमध्ये बसलं की त्याची पिशवी उघडायची. तिच्यातून पचनाला हलकी म्हणवणारी बिस्किटं, आंब्याच्या रसाचा खोका, फळांचं दही, ओट्सच्या वड्या निघायच्या. पाकिटावर कणसं आणि पळणारी बाई छापलेली असली की त्याला ते औषधच वाटे. भाकरीबरोबरसुद्धा सॉस. मी काही म्हटलं की उत्तर तयार, "टोमॅटोच तर आहे, राव!"

साखर मात्र दर तपासणीला वरच. त्यात बूट घासून पायाच्या अंगठ्याला जखम झाली आणि ती काही केल्या भरेना. डॉक्टरबाईंनी विचारलं, "खरं सांगा, चोरून गोड खाता ना?" हे त्याच्या फार जिव्हारी लागलं. "मॅडम, मी दिवाळीत करंजीकडे पाठ करून बसतो!" जखम अशीच राहिली तर अंगठा काढावा लागेल, असं बाईंनी सांगितलं तेव्हा मात्र त्याचा चेहरा उतरला. पुढच्या खेपेला मीही सोबत गेलो. वहिनी मूळच्या खेडकडच्या, बोलायला खणखणीत. त्यांनी घरून निघताना त्याची ती पिशवीच उचलून आणली होती, ती थेट टेबलावर पालथी केली. बाई एकेक पाकीट उलटं करून वाचू लागल्या. "साखर. ग्लुकोज सिरप. माल्टोडेक्स्ट्रिन. इथे परत साखर. हा सॉस… टोमॅटोच्या खालोखाल साखरच."

"पण ते माल्टो का काय, ती साखर थोडीच?" दिगंबरने हिय्या करून विचारलं.

"पोटात गेलं की त्याची साखरच होते. तुम्ही दिवसभर साखरच खाताय, फक्त चहातली सोडून."

मग वहिनी म्हणाल्या, "म्हंजी ह्यांनी साखर सोडली, पर साखरंनं काय ह्यांना सोडलं न्हाई!" बाईंनाही हसू आवरेना. घराच्या दाराशी आल्यावर दिगंबर म्हणाला, "इतकी वर्षं जिलबी उगीच सोडली रे…"

पण हार मानेल तो दिगंबर कसला! त्याने शुगर-फ्री चॉकलेटं शोधून काढली आणि सकाळच्या बसमध्ये अख्खा डबा एकट्याने संपवला. चाकणच्या चौकात बस अडकली आणि त्याच्या पोटात गुरगुर सुरू झाली. "दार उघडा, दार उघडा!" म्हणत तो ट्रकांमधून वाट काढत समोरच्या हॉटेलात पळाला. बऱ्याच वेळाने परत आला, तर बस जागच्या जागीच. त्या ट्रॅफिकला जन्मभर शिव्या देणाऱ्या माणसाने त्या दिवशी त्यालाच हात जोडले. मग आम्ही चष्मा लावून डब्यावरची बारीक अक्षरं वाचली. जास्त खाल्ल्यास जुलाब होऊ शकतात, असं स्वच्छ छापलेलं होतं.

तेव्हापासून पिशवीत फुटाणे, शेंगदाणे आणि काकडी आली. तोंड वाकडं करत का होईना, खायचा. जखम हळूहळू भरली, अंगठा वाचला. पुतणीच्या लग्नात डॉक्टरबाईंना विचारून त्याने अर्धी जिलबी घेतली, डोळे मिटून चघळली आणि म्हणाला, "ही बिचारी उघड उघड गोड आहे. हिने मला कधी फसवलं नाही." त्याची साखर शेवटपर्यंत आटोक्यात होती. पण आधीच्या वर्षांनी जे पोखरलं होतं, ते काही भरून आलं नसावं…

गेल्या आठवड्यात वहिनींकडे गेलो होतो. चहा ठेवायला त्या उठल्या आणि स्वयंपाकघरातल्या फळीपुढे अडखळल्या. फळीवरचं प्रत्येक पाकीट, प्रत्येक बाटली पाठमोरी मांडलेली. नाव मागे, बारीक अक्षरं पुढे. दिगंबरची शिस्त. चहापूड समजून वहिनींनी आधी शेवया काढल्या, मग कांदा-लसूण मसाला. "काय ह्या मानसाचं येकेक…" त्या पुटपुटल्या. मी उठलो, एक बाटली हातात घेतली. "वहिनी, सगळं सुलटं लावून देऊ का?"

त्यांनी बाटली माझ्या हातातून काढून घेतली आणि होती तशीच, पाठमोरी ठेवली.

"न्हाई भाऊजी, ऱ्हाऊ द्या. हुडकताना त्यांच्यासंगट जरा भांडायला तरी मिळतंय."