नांदगडाचा उत्तर दरवाजा

तुमच्या तोंडची गोष्ट दुसऱ्याच्या नावानं पेपरात छापून आलेली तुम्ही कधी वाचली आहे का? आणि ती वाचून चार माणसं त्या दुसऱ्याची वाहवा करत असताना त्यांच्यासाठी चहा टाकलाय? नसेल, तर सुलक्षणाला नावं ठेवायच्या आधी जरा दम धरा.

सुलक्षणा चंद्रकांत रानवडे. माहेर घोटावडे, सासर नांदे, शिक्षण दहावी. माहेरी ती रजनी होती. लग्नात नवऱ्यानं तांदळाच्या ताटात अंगठीनं ‘सुलक्षणा’ काढलं आणि एकोणीस वर्षांची रजनी त्या तांदळांबरोबरच गोळा करून ठेवली गेली. पुढं बचत गटाचा अहवाल हिनं लिहिला, सभेत वाचला सरपंचबाईंनी. हिंजवडीच्या बाजूची एकरभर जमीन विकली तेव्हा चंद्रकांतला जीप घ्यायची होती. ही म्हणाली, “जीप दारात हुबी ऱ्हाईल. कॉम्प्युटर घ्या, ते बसल्या जागी कामाला लागतील.” पिरंगुटला क्लासला जाऊन शिकली, भाड्याच्या खोल्यांखालच्या गाळ्यात चार मशीन मांडली. आणि पाटी लागली, ‘चंद्रकांत नेट कॅफे’. पेंटरनं विचारलंसुद्धा नव्हतं. घरधन्याचंच नाव घालायचं, एवढं त्याला कळत होतं.

म्हणून २००८च्या दसऱ्याला पुण्याच्या एका कंपनीचा ‘गडकोट’ नावाचा ऑनलाइन खेळ सुरू झाला आणि पहिल्याच पानावर ‘आपले नाव लिहा’ असं आलं, तेव्हा तिचा हात थांबला. गिऱ्हाईक नव्हतं, चंद्रकांत नव्हता. तिनं टाइप केलं, रजनी. मशीननं निमूट मान्य केलं.

खेळ सोपा होता. गड बांधायचा, सांभाळायचा, जमलं तर दुसऱ्याचा घ्यायचा. दिवाळीत अंगणात मातीचे किल्ले करणाऱ्या लोकांना हे काही शिकवावं लागत नाही. आठवड्यात तिच्या कॅफेतल्या अकरा जणांनी मिळून ‘नांदगड’ उभा केला आणि सरदार झाली वैनी. घोटावड्याच्या कारखान्यात फिटर असलेला राजू, सोलापूरकडून येऊन इथं हिशेबनीस झालेला दयानंद, आणि वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी, हिंजवडीच्या कंपनीत कामाला जाणारी अकोल्याची क्षितिजा, सगळे तिच्या हुकमात.

खरं सांगायचं तर खेळ धड नव्हता. पहिले तीन दिवस नावाच्या पानापुढं तो उघडतच नव्हता. उघडला तर घोडे पोटापर्यंत जमिनीत रुतून पळायचे आणि मावळ्यांच्या मिशा गळून हवेत तरंगायच्या. सगळ्यात वाईट खोड म्हणजे, तुमचं नेट तुटलं की तुमचा दरवाजा उघडा राहायचा. नांद्यात रोज दुपारी अडीच ते सहा लोडशेडिंग. गडाला दरवाजे दोन, आणि एक पडला की गड पडला.

सुलक्षणानं त्यावर तोड काढली. कॅफेचा इन्व्हर्टर दोनच मशीन ओढायचा. त्या दोन मशीनना नाव पडलं ‘पहाऱ्याची मशीन’. भिंतीवर लोडशेडिंगचं वेळापत्रक, त्याखाली पहाऱ्याची पाळी. अडीचला लाइट गेली की बाकीचे उठायचे आणि दोघं दोन दरवाजे धरून बसायचे. एक नंबरवर, दक्षिण दरवाजाला, बहुतेक सुलक्षणा. सुट्टीच्या दिवशी दोन नंबरवर, उत्तर दरवाजाला, क्षितिजा.

आणि मग शनिवारच्या पुरवणीत तो लेख आला. मथळा, ‘पहिल्याच आठवड्यात ढासळला गडकोट’. दयानंदनं मोठ्यानं वाचून दाखवला. घोडे, मिशा, बंद पडलेले तीन दिवस, सगळं त्यात होतं. पण राग आला तो शेवटच्या परिच्छेदाचा. लिहिणाऱ्यानं कंपनीकडून आकडे मिळवले होते, आणि त्यात त्याला दिसलं होतं की रोज दुपारी अडीचला हजारो खेळाडू एकदम खेळ सोडून जातात. त्यावरून त्यानं निकाल दिला, ‘ग्रामीण खेळाडूंकडे चिकाटी नाही. नवेपणा ओसरला की ते उठून जातात.’

“ह्याला कुणी सांगितलं आमाला चिकाटी न्हाई?” राजू म्हणाला. “तीन दिवस ते गोल फिरनारं चाक बघत बसलो, ती काय होती?”

“तूच परवा कंपनीच्या आईबापाचा उद्धार केलास,” दयानंद म्हणाला.

“आमी करनार. आमचा खेळ हाय. ह्यानं का करावा? ह्यानं बांधलाय का एक तरी बुरूज?”

असंच असतं. आपल्या पोराला आपण बडवतो. शेजाऱ्यानं कान धरला की काठी घेऊन उठतो. एकजण म्हणाला पेपर बंद करा, दुसरा म्हणाला होळी करा. सुलक्षणा मात्र भिंतीकडे बघत होती.

“अरे, अडीच,” ती म्हणाली. “अडीचला काय हुतं?”

सगळ्यांनी वेळापत्रकाकडं पाहिलं. मग राजू हसत सुटला. “वैनी, आयला, लाइट जाती.”

“व्हय. मानसं उठून जात न्हाईत, लाइट उठून जाती. पुन्यात पंख्याखाली बसल्याला मानूस, त्याला काय ठावं.”

लक्षात घ्या, कंपनीतल्या इंजिनिअरांना न सुचलेलं, पेपरवाल्याला न दिसलेलं, हे एका दहावी पास बाईनं भिंतीवरच्या कागदावरून ओळखलं. तिनं त्याच दिवशी वहीचं पान फाडून पत्र लिहिलं. ‘आपण लिहिता आम्हास चिकाटी नाही. आपण एकदा नांदे येथे या व अडीच वाजता आमच्या गडाचा एक दरवाजा धरून बसा. साडेतीन तास धरलात तर आम्ही आपले म्हणणे मान्य करू.’ सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. क्षितिजा म्हणाली, “वहिनी, सुपर आहे हे. लगेच पाठवा.”

पण पत्र गेलं नाही. चुकलं तिथं. सहीची जागा मोकळी राहिली होती. सुलक्षणा चंद्रकांत रानवडे लिहावं, तर नवऱ्याची पाटीच पुन्हा छापल्यासारखं होतं. नुसतं रजनी लिहावं, तर गाव विचारणार, ही कोण? सासूबाई पेपर वाचत नव्हत्या, पण पेपर वाचून दाखवणारे गावात पुष्कळ. रविवार गेला, सोमवार गेला, मंगळवारी तिनं पेन उचललं आणि गिऱ्हाईक आलं म्हणून पत्र फळीवर खोचलं. बुधवारीही ते तिथंच होतं.

पुढच्या शनिवारी पुरवणीत चौकट आली. ‘खेळाडू उठत नाहीत, वीज उठते’. खाली नाव, क्षितिजा वानखडे, हिंजवडी. नांदे नाही, हिंजवडी. भाषा साफसूफ, शेवटचं दरवाजा धरून बसण्याचं आव्हान मात्र जसंच्या तसं.

राजूनं पेपर आणला तोच नाचवत. “क्षितिजाताई, जिरवली की तुमी त्याची! काय टाकलंय.” दयानंदनं हात मिळवला. ‘काय टाकलंय’ म्हणे. अरे, आठ दिवसांपूर्वी याच खुर्चीवर बसून ऐकलंस ना? पण छापलेल्या अक्षराची जादू अशी, की माणसाला स्वतःच्या कानापेक्षा त्याचा भरवसा जास्त. क्षितिजा लाजून म्हणाली, “अरे, आपल्या सगळ्यांचंच आहे ते.” कुणीतरी म्हणालं, “वैनी, ह्या गोष्टीवर चा पाहिजे.”

सुलक्षणानं चहा केला. आलं ठेचताना खलबत्त्याचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला असेल. चहा क्षितिजाच्या हातात देताना तिनं त्या हाताकडं पाहिलं. बारीक घड्याळ, नीट कापलेली नखं, ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात, आणि त्यावर तिचं स्वतःचं नाव. आईबापानं ठेवलेलं, तेच. कुणी तांदळात बदललेलं नाही. एका मुलीला किती मिळावं, असं तिला वाटलं. शिक्षण, पगार, स्वतःचं नाव. एवढं असताना हिला माझं एक वाक्यही पुरलं नाही? तिला राग पेपरचा यायला हवा होता, आळस केला म्हणून स्वतःचा यायला हवा होता. पण मत्सराला एवढं लांब चालवत नाही, तो शेजारीच बसतो.

दुसऱ्या दिवशी रविवार. पाळीप्रमाणं उत्तर दरवाजा क्षितिजाचा. सव्वादोनला सुलक्षणा केर काढायच्या निमित्तानं टेबलाखाली वाकली. दोन नंबरची पिन इन्व्हर्टरच्या बोर्डातून काढली आणि बाजूच्या साध्या बोर्डात घातली. मशीन क्षणभर विझलं, तिनं पुन्हा चालू केलं. तिच्या मनात एवढंच होतं, की राजूनं एकदा म्हणावं, ‘ताई, एक दरवाजा धरता येईना तुमाला?’ पेपरात दरवाजा धरा म्हणून आव्हान देणारी, ती स्वतः धरू शकली नाही, असं चार लोकांत दिसावं.

अडीचला लाइट गेली. दोन नंबरचा पडदा काळा झाला.

“वहिनी, माझं मशीन गेलं,” क्षितिजा म्हणाली.

 एक नंबरवर सुलक्षणा पाहत होती. उत्तर दरवाजा उघडा पडला आणि साताऱ्याकडच्या कुठल्याशा टोळीनं तो हेरला. रुतलेले घोडे जमिनीतून पोहत आत शिरले. दक्षिण दरवाजा तिनं गच्च धरला होता, आणि टोळीची माणसं मागून येत होती. तिनं धान्याचं कोठार वाचवायचा प्रयत्न केला, मग तळं. सतराव्या मिनिटाला पडद्यावर आलं, ‘नांदगड पडला. सरदार रजनी कैद.’

गडावरून उतरावं तसे सगळे खुर्च्यांवरून उठले. राजू मोबाइलच्या उजेडात टेबलाखाली वाकला. बोर्ड बघितला, पिन बघितली, वर आला.

“वैनी, दोन नंबर साध्या बोर्डात हाय.”

“माहीत हाय. मीच घातली.”

 क्षितिजानं विचारलं, “का, वहिनी?”

“पत्र माझं हुतं.”

“तुम्ही पाठवतच नव्हता. मी बुधवारपर्यंत वाट पाहिली. मुद्दा पोचायला हवा होता. मुद्दा आपल्या सगळ्यांचा होता ना?”

“सगळ्यांचा हुता, तर नाव एकटीचं कसं?”

 क्षितिजानं खाली पाहिलं. पण पोरगी अकोल्याची, उन्हात वाढलेली. गप्प राहणारी नव्हती. मान वर करून म्हणाली, “आणि गड सगळ्यांचा होता, तर पिन एकटीनं कशी काढली?”

  सुलक्षणा उठली, पिन पुन्हा इन्व्हर्टरच्या बोर्डात घातली, आणि सहा वाजेपर्यंत दोन्ही पहाऱ्याची मशीन रिकाम्या गडासमोर चालू राहिली.

क्षितिजानं पेपरला दुसरं पत्र लिहिलं, हे सांगायला हवं. ‘मूळ विचार नांदे येथील कॅफेचालिका यांचा होता.’ ते छापून आलं नाही. विषय जुना झाला होता. कंपनीनं पंधरा दिवसांनी खेळ दुरुस्त केला. नेट तुटलं की दरवाजा आपोआप बंद. त्यांच्या पानावर आभार होते, ‘हिंजवडीच्या एका जागरूक खेळाडूचे’. महिन्यानं क्षितिजा बावधनला मैत्रिणीबरोबर राहायला गेली. जाताना पाया पडली. सुलक्षणानं तिच्या हातात चिवड्याचा डबा दिला आणि आशीर्वाद दिला.

ते कात्रण कॅफेच्या भिंतीवर अजून आहे. गिऱ्हाइकांच्या हौसेखातर राजूनं लावलं. लोडशेडिंगचं नवं वेळापत्रक आलं तेव्हा सुलक्षणानं ते अगदी मोजून असं चिकटवलं, की मजकूर सगळा दिसतो आणि खालचं नाव तेवढं झाकलं जातं. विचारलं तर म्हणते, भिंतीवर जागा न्हाई. नांदगड पुन्हा उभा राहिला, अकराच्या जागी दहा जणांनी. सरदार रजनीच आहे.

तिनं पिन काढली ते वाईटच केलं. ती स्वतःही तसंच म्हणते. पण एका चुकीनं दुसरी फिटत नाही. तेव्हा एवढं करा. तुमच्या घरी जुन्या रद्दीत, कपाटात अंथरलेल्या कागदात, त्या दिवाळीतली पुरवणी असेल. ती चौकट शोधा. क्षितिजाचं नाव खोडू नका. कष्ट तिनंही घेतलेत. फक्त त्याच्या वरच्या ओळीत, पेनानं, ठळक अक्षरात लिहा, ‘रजनी, नांदे’.