मामांनी न सांगितलेलं

सहीचा कागद पुढे आला की मामा त्यावर अख्खा पंजा ठेवायचे. "आदी समजावून सांगा. काय कापनार, का कापनार. मग सही."

मामा भिंगारचे, आमच्याच गल्लीतले. आयुष्यभर सैनिकांचे गणवेश शिवले. मी नगरच्या एका दवाखान्यात सरकारी आरोग्य योजनेच्या खिडकीवर बसते, त्यामुळे घरीही मामा आणि कामावरही मामाच. गल्लीत कुणाच्या पोटात दुखलं तरी आधी मामांना हाक जायची, मग रिक्षाला.

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल. स्वतःला काही झालेलं नसताना दवाखान्यात सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारा. एकदा एका तरुण डॉक्टरला त्यांनी मुतखडा म्हणजे काय ते इतक्या वेळा सांगायला लावलं, की शेवटी दारावरचा वॉचमनच म्हणाला, "मामा, आता मला बी कळालं, सोडा त्यांला."

माझ्या खिडकीशेजारी रुग्णांच्या हक्कांचा आणि जबाबदाऱ्यांचा फलक आहे. रांगेतल्या बायाबापड्यांना मामा तो मोठ्याने वाचून दाखवायचे. उपचाराची माहिती मिळण्याचा हक्क, नकार देण्याचा हक्क, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा हक्क. जबाबदाऱ्या आल्या की चष्मा काढायचे. "खालचं आपलं सोपं हाय. खरं सांगायचं, गोळ्या येळंवर घ्यायच्या."

मग आमच्या शेजारच्या आक्कांचं झालं. त्यांनी तपासणीत छातीतल्या कळांचं सगळं सांगितलं. इथल्या डॉक्टरांनी त्यांना तातडीने पुण्याला न्यायला सांगितलं. रुग्णवाहिकेत सोबत मामाच होते. नगरबाहेरचं केडगाव मागे पडलं आणि थोड्याच वेळात आक्कांनी त्यांचा धरलेला हात सोडला.

परत आल्यावर मामा आमच्या ओट्यावर बसले. चहा निवून गेला. कप बाजूला सारून म्हणाले, "खरं बोलली, म्हनून रस्त्यात मेली."

"मामा, आजार होताच ना त्यांना," मी म्हणाले.

"व्हय. पन घरात मेली असती."

त्यानंतर मामा दवाखान्याच्या जिन्यावर मध्येच थांबू लागले. कठड्याला धरून उभे राहायचे, आणि कुणी पाहिलं की भिंतीवरचं काहीतरी वाचत असल्यासारखं करायचे. मी विचारलं तर म्हणायचे, "गुडगं. वयाचं हाय, पोरी."

त्याच हिवाळ्यात त्यांचा हर्निया वाढला. योजनेत ऑपरेशन बसलं. आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडम त्यांना तपासायला आल्या. जिन्याचं मी त्यांच्या कानावर घातलं होतं. मामी उशाशी बसल्या होत्या.

"मामा, चालताना छातीत दुखतं का?"

"न्हाई."

"जिन्यात थांबता म्हणे."

"गुडगं हो, मॅडम."

"हृदयासाठी कुठल्या गोळ्या? कधी कुठे दाखवलंय?"

"न्हाई वो. शिंपी मानूस मी, बसून काम."

मॅडम मामींकडे वळल्या. "मामी, तुम्हाला काही सांगायचंय?"

मामींनी मामांकडे पाहिलं. मामा खिडकीबाहेर बघत होते. मामींनी पदर खांद्यावर घट्ट ओढला आणि नाही म्हणून मान हलवली. ईसीजी तर बरा आला होता. मॅडमनी पुन्हा एकदा सावकाश समजावलं, की लपवलं तर भुलीत जिवाला धोका होतो. मामा हसले. "आमाला शिकवता व्हय? मीच सगळ्यांना शिकवतो."

सकाळी त्यांना आत नेलं. जाताना त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्यासुद्धा, "आज मामा शांत." मला ते काही बरं वाटलं नाही.

ऑपरेशन अर्ध्यावर असताना आत धावपळ सुरू झाली. दार उघडायचं, मिटायचं. कुणी आमच्याकडे बघत नव्हतं. मग मॅडम बाहेर आल्या. कपाळावर घाम होता. "मामी, हृदय साथ देत नाहीये. त्यांना आधी काही त्रास होता का? आता तरी सांगा."

मामी बोलू लागल्या. श्रीरामपूरला मुलीकडे गेले असताना एका डॉक्टरने हृदयाचं दुखणं सांगितलं होतं. जिभेखाली ठेवायची गोळी दिली होती. "पुण्याला न्हेतील म्हनाले. आक्कावानी रस्त्यात मरायचं न्हाई म्हनाले. माझ्याकडनं शपत घेतली हुती वो."

मॅडम धावत आत गेल्या.

दुपारी त्या पुन्हा आल्या तेव्हा चालत आल्या. मामींच्या शेजारी बाकावर बसल्या आणि मामा गेल्याचं त्यांनी स्वच्छ शब्दांत सांगितलं. मामींनी ऐकून घेतलं. रडल्या नाहीत. मॅडमच्या कोटाची बाही त्यांनी धरून ठेवली.

"आनि पायऱ्या चढले की घाम फुटायचा," त्या म्हणाल्या. "डावा हात जड व्हायचा. रात्री बसून झोपायचे. पाय गार पडायचे, मी चोळून द्यायची..."

मॅडम उठल्या नाहीत. मामी सांगतच राहिल्या.