विशालाक्षीची रिकामी वेणी

सेतुमाधवरावांचं सोवळं अख्ख्या गल्लीत गाजलेलं होतं. पापनाशम स्टेशनावर ते तिकीटबाबू. सकाळच्या गाडीनं तंजावूरहून जायचं, संध्याकाळच्या गाडीनं परतायचं. आले की घरात पाऊल न टाकता बाजूच्या बोळातून थेट मागच्या विहिरीवर. घागरीवर घागरी डोक्यावर ओतायच्या आणि ओल्या धोतरानंच आत यायचं. "गाडीत कोणाकोणाचा हात लागतो, म्हणून न्हाऊनच आत येतात," असं त्यांची बायको विशालाक्षी शेजारणींना अभिमानानं सांगे. गल्लीतले म्हातारे आपल्या मुलांना रावांचा दाखला देत. नवरात्रात देवीच्या आरतीचं ताट आधी त्यांच्या हाती येई आणि ते घेताना रावांना मेल्याहून मेल्यासारखं होई.

कारण ती अंघोळ सोवळ्याची नव्हतीच. चिरुटाचा वास घालवायची होती.

हे व्यसन लागलं नोकरीत. गोऱ्या साहेबाच्या मागं मागं फिरताना आधी त्या धुराचा वास आवडला, मग तिरुचिरापल्लीचा तो काळा जाडा चिरूट, तिकडचा सुरुट्टु, स्वतःच्या ओठांत आला. घरी कळलं तेव्हा विशालाक्षी भांडली नाही, रडली नाही. तिनं फक्त वेणीत फूल माळायचं बंद केलं. बाहेरच्याला वाटेल, यात काय मोठं? तंजावुरात एक वेळ ताटात भाजी नसली तर चालतं, पण सवाष्णीच्या वेणीत फूल हवंच. रिकामी वेणी म्हणजे नवऱ्याच्या जिवावर अशुभ. शेजारच्या वेंकूबाई तर तोंडावर बोलत. विशालाक्षीनं कारण कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं ते एकट्या रावांना, "तुम्ही सुरुट्टु सोडाल, त्या दिवशी माळीन."

रावांनी सोडला. अगदी खरोखर सोडला. विशालाक्षीनं त्या दिवशी मोगऱ्याचा एवढा मोठा गजरा माळला की वेंकूबाईंनी तिची दृष्ट काढली. पण पुढचे दिवस रावांना फार जड गेले. गाडी येई तोवर बरं असायचं. गाडी निघून गेली, फलाट रिकामा झाला की हात आपोआप कोटाच्या खिशात जाई. तोंडाला पाणी सुटे, डोकं भणभणे. लवंग चघळून जीभ पोळली, प्रवाशांवर उगाच खेकसून झालं. मग एकदा गाडीला उशीर झाला आणि कोण्या जमीनदारानं आग्रहानं चिरूट पुढं केला. एकच, असं म्हणून रावांनी घेतला. एकच म्हणणारा माणूस स्वतःला किती सहज फसवतो! त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा विहिरीवर गेले. विशालाक्षीला त्यात धर्म दिसला आणि रावांनी तो तसाच दिसू दिला.

वर्षभर हे चाललं. एका सोमवारी सकाळी विशालाक्षी वेंकूबाईंबरोबर पापनाशमच्या देवळाला आली. बायकांच्या डब्यातून दोघी कधी उतरल्या, ते रावांना कळलं नाही. मालाच्या कोठारामागं करंजाच्या झाडाखाली ते धूर सोडत उभे होते आणि समोर वाटेवर त्यांची बायको, डोक्यात मोगरा. वेंकूबाई बैलगाडीवाल्याशी बोलत होत्या. त्या वळणार, तोच विशालाक्षीनं त्यांचा खांदा धरला आणि त्यांना तसंच गाडीकडं फिरवलं. "चला, ऊन झालं," एवढंच रावांना ऐकू आलं. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी राव विहिरीवर गेले, कारण दुसरीकडं जायला पाय उचलेनात. समोरच्या रस्त्यावर फूलवालीची हाळी स्पष्ट ऐकू येत होती. तेवढ्यात भिंतीपलीकडून वेंकूबाई म्हणाल्या, "अगो विशालम, वेणी कां रिकामी? सकाळी होतं की फूल."

"सुकलं. फूलवाली आज आली नाही," विशालाक्षी म्हणाली.

रावांच्या हातातली घागर तशीच राहिली. आयुष्यात खोटं न बोललेली बाई त्यांच्यासाठी खोटं बोलली होती, तेही फूलवाली दारात असताना. त्यांना स्वतःची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उरलेले चिरूट कालव्यात टाकले. फलाट रिकामा झाला की ते हमालाच्या हातून दोर घेऊन स्टेशनच्या विहिरीतून पुढच्या गाडीच्या प्रवाशांसाठी पाणी शेंदत. हाताला घट्टे पडले. आणि संध्याकाळी घरी आले ते विहिरीकडं न जाता गाडीच्या मळक्या कपड्यांनी उंबरठ्याशी उभे राहिले. कोळशाचा आणि घामाचा वास येत होता, दुसरा कसलाच नाही. विशालाक्षीनं पाहिलं आणि ती आत गेली. मग ते न्हायला गेले.

असं रोज. गल्लीला ते खुपलं. आगगाडीनं बाटवला म्हणाले. नवरात्रात आरतीचं ताट दुसऱ्याकडं गेलं. विशालाक्षीची वेणी रिकामीच राहिली आणि रावांनी एका शब्दानं विचारलं नाही. विचारायचा हक्क त्यांनीच घालवला होता.

पौषात एकदा तोल गेलाच. तिकीटघरात कोणीतरी विसरलेला अर्धा चिरूट त्यांनी चोरासारखा ओढला. घरापाशी आले तर बोळ समोर होता, विहीर ओळखीची होती. ते बोळाच्या तोंडाशी बराच वेळ थांबले. शेवटी उंबरठ्याशी येऊन, मान खाली घालून म्हणाले, "आज ओढला."

"पाणी काढून ठेवलंय," ती म्हणाली. "न्हाऊन या."

दुसऱ्या संध्याकाळी ते दाराशी आले, तेव्हा तिच्या वेणीत फूल होतं.

राव म्हणाले, "अगं, काल तर मी ओढला होता."

"ठाऊक आहे. तुम्हीच सांगितलं ना," विशालाक्षी म्हणाली.

रावांना मान वर करवेना. ते तसेच उंबरठ्याशी उभे राहिले, न न्हालेले, आणि तिच्या पायांकडं बघत राहिले. त्यानंतर त्यांनी चिरूट ओढला नाही.