चालून दाखव

"साडी वर घे. अजून वर. गुडघा दिसला पाहिजे."

डॉक्टर हे बोलला तेव्हा खोलीचं दार सताड उघडं होतं. दारात माणसं एकमेकांच्या खांद्यावरून आत बघत होती. लातूरच्या एका सरकारी दवाखान्यात बुधवारी अपंगत्वाचे दाखले देतात, तिथली ही गोष्ट. माझ्या डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झालेला. वाळून काडी झालेला तो पाय आईशिवाय मी कुणाला दाखवला नव्हता. त्या दिवशी निम्म्या तालुक्यानं पाहिला.

मी साडी वर घेतली. का घेतली, याचा आजही राग येतो.

दाखला कशासाठी हवा होता ते सांगते. उजवा पाय चांगला होता. इतकी वर्षं दोघांचं ओझं त्यानं एकट्यानं ओढलं आणि शेवटी तोच गुडघ्यातून गेला. ऑपरेशन करा म्हणाले. अपंगांच्या योजनेत ते फुकट होणार होतं, पण दाखल्यावर निदान चाळीस टक्के पाहिजेत. मी डाळमिलमध्ये दिवसभर चाळणीपुढं उभी असते. तिथं आम्हाला विमा नाही. मालक म्हणतो, तुम्ही मुकादमाची माणसं. मुकादम म्हणतो, मालकाला विचारा. म्हणजे उजवा पाय बसला की मी अंथरुणात, आणि माझ्या मागं म्हातारी आई उपाशी.

"हं, आता चालून दाखव."

मी चालले. नीट चालले. तिथंच घात झाला.

अधू पाय अंगाचं वजन पेलत नाही. म्हणून चालताना हात आपसूक मांडीवर जातो, मांडी दाबल्याशिवाय पाऊल टिकत नाही. माझ्या आईनं ही सवय मारून मारून मोडली. आमचं गाव जळकोटजवळ. अंगणात मला चालायला लावून ती लाटणं घेऊन उभी राहायची. हात खाली गेला की लाटणं बसायचं. "हात काढ! लोकं बगायलेत!" मला बघायला पाहुणे आले की त्यांच्यातली एखादी म्हातारी हमखास म्हणायची, "पोरी, जरा चालून दाखव." मग दात आवळायचे, कंबरेतून झटका देऊन पाय पुढं फेकायचा, आणि तोंड हसरं ठेवायचं. लग्न जमलं नाही ते नाहीच. चालणं मात्र अंगात मुरलं. त्याच चालण्यावर मिलमध्ये काम मिळालं. मुकादमानंही पहिल्या दिवशी गेटपासून चाळणीपर्यंत चालवलं होतं. म्हणाला होता, "लंगडलीस त्या दिवशी घरी."

तर खुर्चीत कुणी साहेब बसलेला दिसला की माझं अंग आपोआप ताठ होतं. तसंच झालं.

"ही तर माझ्यापेक्षा बरी चालते!" डॉक्टर शेजारच्या कारकुनाला म्हणाला. दोघं हसले. दारातले हसले. कुबड्या घेतलेलेही हसले. मग त्याची नजर माझ्या पदरावरच्या तुरीच्या भुशावर गेली. मी मिलमधून तशीच आले होते.

"कामाला जातेस?"

"हाव साहेब. डाळमिलला."

"दिवसभर उभी राहून काम करतेस, मग कसली अपंग? खऱ्या अपंगांचं कशाला खातेस?"

पायाला त्यानं बोटसुद्धा लावलं नाही. कागदावर पंचवीस टक्के टाकले आणि पुढच्याला हाक मारली.

बाहेर एक कुबडीवाली बाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "काम करते म्हणून सांगायचं असतंय का, येडे? फाटकं नेसून यायचं. घासत चालायचं. रडायचं." तिचा स्वतःचा शिलाईचा धंदा होता. भावाच्या तुकड्यावर जगते, असं तिनं आत सांगितलं होतं. तिला दाखला मिळाला होता.

घरी येऊन आईला सांगितलं. तिनं उठून दाराला कडी लावली. मग म्हणाली, "चाल बगू घासत."

खोलीतल्या खोलीत तिनं माझी तालीम सुरू केली. "हात लाव मांडीला. अजून वाक. तोंड बारीक कर." मी केलं. पुन्हा केलं. भिंतीपर्यंत जाऊन वळले तर म्हणाली, "असं न्हाई, लई धड दिसायलीस."

मी खाली बसले. डोक्यात नुसती आग झाली.

"आई, ज्या हातावर लाटणं मारलीस, त्योच हात आता मांडीला लाव म्हणायलीस व्हय?"

ती रडली. मी तिची समजूत काढली नाही. पण राग तिच्यावर नव्हता. ती भ्यालेली बाई, आयुष्यभर दुसऱ्याच्या नजरेप्रमाणं मला वाकवत आली. धड दिसलीस तर काम, अधू दिसलीस तर औषध. काम करणारा माणूस अधू नसतोच आणि अधू माणसानं काम करायचंच नसतं, हे ठरवलं कुणी? ज्यांचे दोन्ही पाय शाबूत आहेत आणि जे दिवसभर बसून असतात, त्यांनी.

पुन्हा तपासणीसाठी गेले. तोच डॉक्टर.

"परत आलीस? चालून दाखव."

मी त्याच्यासमोरच्या खुर्चीवर बसले. "न्हाई चालणार."

"काय?"

"दार लावा. नर्सबाईला बोलवा. हात लावून बगा पायात जोर किती हाय ते. चालायचा खेळ म्या लई केला, आता करणार न्हाई. आन् मी कामाला जाते, तेबी लिवा."

"मला शिकवतेस? ऊठ. नेक्स्ट!"

मी उठले नाही. मागची रांग भडकली. एका हातानं थोटा असलेला माणूस ओरडला, "ऊठ की ओ बाई, आमचा रोज बुडायलाय!"

मी वळून म्हणाले, "रोज बुडायलाय हे साहेबाला सांग की."

त्यानं खाली पाहिलं. त्यालाही आत जाऊन कामधंदा नाही म्हणूनच सांगायचं होतं.

दोन शिपायांनी मला खुर्चीसकट उचललं आणि व्हरांड्यात नेऊन ठेवलं. मग आतून दार लावून घेतलं. म्हणजे दार लागत होतं.

दाखला मिळालेला नाही. गुडघा रोज सुजतो. मिलमध्ये आता मी मांडीवर हात ठेवून, लंगडत, सगळ्यांदेखत चालते. मुकादम बघतो, काही बोलत नाही. एक दिवस बोलेल, आणि मी तेव्हा त्यालाही उत्तर देईन.

दवाखाना कुणाच्या बापाचा नाही. तेल-साबण घेताना मीही सरकारला पैसे मोजते. माझा पाय अधू आहे आणि मी कष्ट करते. ह्या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर, खाली सहीसकट, मला पाहिजेत. दया नको, रडणं जमणार नाही. येत्या बुधवारी मी परत जाणार आहे, आणि त्यांनी खुर्चीसकट बाहेर ठेवलं तर खुर्ची ढकलत परत आत येणार आहे.