आत्या इंटरव्हलच्या आत मरते

आमची सुलू आत्या पहिल्यांदा मेली, तेव्हा माझ्या वडिलांचा जन्मही झाला नव्हता.

कोल्हापूरच्या स्टुडिओत ती कृष्णधवल सिनेमांत कामं करायची. कामं म्हणजे मरायची. कधी नायिकेची क्षयी बहीण, कधी नायकाची आई (स्वतःचं लग्न व्हायचं होतं!), पण इंटरव्हलच्या आत खेळ खलास. सुरुवातीच्या नावांत मात्र तिचं नाव कधीच आलं नाही.

"बैलजोडीच्या मालकाचं यायचं," ती सांगते, "माझं न्हाय."

वडिलांची ही आत्या आता अंथुर्ण्याला आमच्याकडेच असते. परवा म्हणाली, डोळं हायत तवर एकदा नाव मोठ्या अक्षरात बघायचंय. झालं, माझ्यातली कार्यकर्ती जागी झाली. (आमच्या घरात मूल बोलायला शिकायच्या आधी पत्रकं वाटायला शिकतं.) रविवारी समाजमंदिरात सत्कार आणि आदल्या दिवशी स्टँडवर मोठा फ्लेक्स, असं मी जाहीर केलं.

भिगवणच्या फ्लेक्सवाल्यानं आत्याचा जुना फोटो पाहिला. साडीला गुलाबी रंग मारतो, कडेनं फुगे टाकतो, म्हणाला. मी दुकानातच भाषण ठोकलं. कष्टकरी स्त्रीच्या इतिहासाला रंग फासायचा नाही! फुगे ही भांडवली संस्कृती आहे! (हे वाक्य मला तिथेच सुचलं आणि फार आवडलं.)

तो बिचकून म्हणाला, "मग नुसती काळी बॉर्डर ठिऊ?"

"ठेवा!" मी गरजले. मजकूरही माझाच. वर आत्याचं नाव, खाली 'संघर्षमय जीवनास विनम्र अभिवादन'.

शनिवारी सकाळी फ्लेक्स लागला. थोड्याच वेळात वालचंदनगरहून वडिलांच्या मावसभावाचा, नामदेवतात्यांचा फोन. कार्यक्रम किती वाजता, विचारलं. उद्या चारला, मी उत्साहानं सांगितलं. तात्यांनी आवाज खाली आणला.

"उद्यापतूर कशापायी ठेवताय? उन्हाचं दिस हायत."

मला वाटलं, जेवणाविषयी बोलतायत. म्हटलं, काळजी नको तात्या, बर्फ सांगितलाय.

दुपारी दारात टेम्पो थांबला. पांढरे सदरे, डोक्यावर पदर. बायकांनी उंबऱ्यावरच हंबरडा फोडला. पुढे तात्या, हातात हार. आत आत्या उद्याच्या सत्काराची तयारी म्हणून नवी साडी नेसून, पावडर लावून खुर्चीत बसलेली.

"आजच आलासा व्हय?" ती म्हणाली.

तात्यांच्या हातातला हार खाली पडला. हंबरडा अर्ध्यावर थांबला. मग सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. वडिलांनी जरा जास्तच वेळ पाहिलं.

प्रकार कळल्यावर आत्यानं एकच हट्ट धरला, मला स्टँडवर न्या. निघालो. पुढे आत्या, मागे तिच्या मयतीला आलेला अख्खा टेम्पो. फ्लेक्ससमोर उभी राहून तिनं बोट हवेत फिरवत स्वतःचं नाव अक्षर अक्षर वाचलं. मग पुन्हा वाचलं. मी मान खाली घालून म्हटलं, आत्ताच उतरवते.

"ऱ्हाऊ दे की. नाव बराबर लिवलंय."

मग तिनं पदरानं डोळे टिपले आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"लई डायरेक्टरनी मारलं मला. पर नाव छापून मारणारी तूच पैली."

माझ्या सामाजिक कार्याला मिळालेली ही आजवरची एकमेव पावती.