पाण्याखालचा गोठा

आमच्या म्हशीला गोष्ट ऐकल्याशिवाय पान्हा फुटत नसे. हसा खुशाल! नव्वदच्या दशकातलं कोल्हापूर. संध्याकाळी दूधकट्ट्यावर गिऱ्हाईक धारोष्ण दुधासाठी ग्लास घेऊन उभं, आणि आबा, म्हणजे माझे वडील, कासेखाली बसून तिला पंचगंगेच्या तळाशी असलेल्या राज्याची गोष्ट सांगायचे. तिथं सूर्य उगवत नाही, झाडांना काळी फुलं येतात, आणि मेलेली माणसं, जनावरं निवांत नांदतात. कोणी कुणाला झपाटत नाही.

मी लायब्ररीतल्या भुतांच्या कादंबऱ्यांवर पोसलेली. म्हणायची, "आबा, ह्यात भ्या कुठं हाय?"

"भ्या कशाला पायजे? तितं ऱ्हावंसं वाटलं पायजे की."

कप्पाळ कळतंय मला तेव्हा!

मी कॉलेजात असताना आबांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. त्याच पावसाळ्यात म्हशीचं रेडकू दगावलं. तिनं दूध चोरलं, पान्हाच सोडेना. तिला आपलं रेडकू वाटावं म्हणून शेजारच्या काकांनी रीतीप्रमाणे त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढं उभं केलं. तिनं हुंगलं, डोळे पांढरे केले आणि दावं तोडून रस्त्यावर! माझ्या कादंबऱ्यांत हेच तर असायचं. गेलेलं परत येतं, आणि आपण जीव मुठीत धरून पळतो.

"इकून टाका हिला," तिला धरून आणल्यावर काका म्हणाले. आबा गव्हाणीला टेकून बसले. आई माझ्या लहानपणीच गेलेली, आता म्हैसही गेली तर हा माणूस उरणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. भीती वाटली ती तेव्हा.

मग मीच बसले कासेखाली. गोष्ट सांगत आबांच्या राज्यात उतरले. तिथल्या अंधाराला ओल्या गवताचा वास होता. रेडकू उभं होतं, पाठीवर काळ्या फुलांची झूल. कुणीतरी त्याला चारा घालत होतं. कोण, ते मी ठरवलंही नव्हतं, तोंडातून आपसूक निघालं, "आमची आई."

बादलीत धार वाजली. मी बोलत राहिले. आई रेडकाच्या अंगाला खरारा करत होती, पदर कमरेला खोचलेला. मला वर यायचंच नव्हतं.

बादली भरली, म्हैस रवंथ करू लागली. मी उठणार तोच आबांनी माझं मनगट धरून खाली बसवलं. डोळे गळत होते. ओठ हलले, आवाज नव्हता, पण मला कळलं. म्हणत होते, "आनि? मग काय म्हणाली ती?"