मुलीच्या खोलीतली ठकठक

न्युरेम्बर्गला आमच्या खालच्या मजल्यावर एक बाई राहतात. सत्तरीच्या, एकट्या, आणि कान असे की आमच्याकडे पोळी लाटली तर ती गोल झाली की नाही हेही त्यांना कळावं. दिवाळीला माझे सासरे आमच्याकडे राहायला आले आणि आठवड्याभरात बाईंची चिठ्ठी दारावर चिकटली. ‘वरून सतत ठोकण्याचा आवाज येतो. थांबवा.’ ‘सतत’ या शब्दाखाली दोन रेघा.

सासरे माझ्या मुलीच्या खोलीत झोपायचे आणि सकाळी तिथेच सूर्यनमस्कार घालायचे. ते मी बंद करायला लावले. सांगताना मला लाज वाटली, पण सांगितलं. दुसरी चिठ्ठी आली. मग मी खलबत्ता माळ्यावर टाकला. तिसऱ्या वेळी चिठ्ठी नाही, इमारत सांभाळणाऱ्या हाउसफरवाल्टुंगचं पत्रच आलं. आबमानुंग, म्हणजे लेखी तंबी. ‘वयस्कर नातेवाईक आल्यापासून पाय आपटण्याचे व अन्न कुटण्याचे आवाज’ असं त्यात छापलेलं होतं. पुन्हा घडलं तर भाडेकरार रद्द करण्याचा विचार करू, असंही होतं. त्या ऑफिसातलं कुणी कधी आमच्या जिन्यावर पाऊल ठेवलेलं मी पाहिलं नव्हतं. पण आमच्याकडे काय कुटलं जातं ते त्यांना ठाऊक होतं.

नवऱ्यानं बसून माफीची मेल लिहिली. व्याकरण अगदी निर्दोष.

“माफी कशाची?” मी विचारलं.

“वाद नको गं.”

हा माणूस इथल्या एका मोठ्या कंपनीत वाफेच्या प्रवाहाची गणितं करतो. मुलीच्या खोलीतला, गरम पाण्यानं खोली तापवणारा रेडिएटर वरच्या बाजूला गार राहत होता, म्हणून त्यानं चारदा किल्ली लावून त्यातली हवा काढायचा प्रयत्न केला. चारही वेळा नुसतं पाणी आलं. चारही वेळा त्याचा निष्कर्ष एकच: अजून हवा असणार.

इकडे सासरे घरात चवड्यांवर चालायला लागले होते. पायांत मोज्यांचे दोन-दोन जोड. आयुष्यभर एका दूध डेअरीत बॉयलर सांभाळलेला माणूस, आणि आता खुर्ची सरकवायची तरी आधी माझ्याकडे बघायचा.

एका दुपारी मी ऑफिसातून लवकर आले, तर ते मुलीच्या पलंगावर मांडीवर हात ठेवून बसलेले.

“बाबा, बरं वाटत नाही का?”

“ऐक.”

ठक. मग ठकठकठक, कुणी पाइपवर पाना मारावा तशी.

“मी हललो का?” त्यांनी विचारलं. “सकाळपासून बघतोय. जेवायलासुद्धा उठलो नाही.”

त्यांनी रेडिएटरचं बटण पाचवर नेलं, म्हणजे पूर्ण उघडलं. आवाज थांबला. दोन-अडीचवर आणलं, थोड्या वेळानं पुन्हा सुरू. मग त्यांनी ते पूर्ण बंद करून पाइप गार होऊ दिले, चहा प्यायला आणि मला खाली बसवलं.

“वरचा पाइप, बटणाकडचा, तू धर. खालचा मी धरतो. आता उघडतो हं.”

मिनिटाभरात त्यांनी हात काढून घेतला. माझा पाइप अजून गारच होता.

“बघ. पाणी जिथून बाहेर पडायचं तिथून आत शिरतंय. लाइन उलटी जोडली आहे. बटणातली झडप जरा मिटायला लागली की पाणी तिला मागून ओढून आपटतं. आणि वरचा भाग गार का, तर गरम पाणी खालून येतंय आणि वर पोचेपर्यंत निवतंय. हवा कुठली आलीय!”

उन्हाळ्यात हाउसफरवाल्टुंगनंच त्या खोलीत पाइप फिरवून नवा रेडिएटर बसवून दिला होता. हीटिंग सुरू झालं ऑक्टोबरात. सासरेही आले ऑक्टोबरात. दोघांपैकी गुन्हेगार कोण, हे ठरवायला त्यांना एक क्षणही लागला नव्हता.

मी त्यांच्या ऑफिसात फोन केला.

“हे तुम्हाला कुणी सांगितलं?” पलीकडची बाई म्हणाली.

“माझ्या सासऱ्यांनी. त्यांनी चौतीस वर्षं बॉयलर चालवलाय.”

“त्यांच्याकडे जर्मनीतलं प्रमाणपत्र आहे का?”

मेकॅनिक तीन आठवड्यांनी येईल, तोवर आवाज कमी ठेवा, असं सांगून तिनं फोन ठेवला.

मी तशीच खाली गेले आणि शेजारच्या बाईंना वर घेऊन आले. त्या मुलीच्या खुर्चीत बसल्या, समोर पलंगावर सासरे, दारात मी. रेडिएटरचं बटण अडीचवर. थोड्या वेळानं ठक झाली. बाईंनी आधी सासऱ्यांच्या पायांकडे पाहिलं. रेडिएटरकडे नंतर.

“आल्झो,” त्या म्हणाल्या, म्हणजे ‘असं आहे तर’. “पण उन्हाळ्यात आवाज नव्हता.”

“उन्हाळ्यात हीटिंग बंद असतं,” मी म्हटलं.

त्यांनी स्वतः फोन केला, हे मान्य करायला हवं. माझ्या फोनला तीन आठवडे होते, त्यांच्या फोनला तीन दिवस पुरले. मेकॅनिक आला आणि त्यानंही पहिल्यांदा किल्ली लावून हवाच काढली. सासरे शांतपणे बघत राहिले. नंतर त्यानं दोन्ही पाइपांना हात लावला, भुवया उंचावल्या, आणि “गेनाऊ, अगदी बरोबर, उलटं जोडलंय” असं जणू स्वतःच शोधून काढल्यासारखं म्हणाला. उलट्या प्रवाहालाही चालणारी झडप बसवली. अर्ध्या तासात काम संपलं.

हाउसफरवाल्टुंगचं पत्र आलं: ‘आवाजाचे कारण तांत्रिक असल्याचे आढळले.’ तंबीबद्दल अवाक्षर नाही. ती मागे घ्या, अशी मेल मी लिहिली. नवऱ्यानं तिच्यातले तीन शब्द मवाळ केले, मी ते परत होते तसे केले. दोन स्मरणपत्रांनंतर एका ओळीत ती मागे घेतली गेली. दिलगिरी त्या ओळीत मावली नसावी.

रविवारी बाई आलुबुखाराचा केक घेऊन आल्या. चुकीबद्दल काही बोलल्या नाहीत, हवेबद्दल बोलल्या. सासऱ्यांनी दोन तुकडे खाल्ले. मी खाल्ला नाही. संध्याकाळी सासऱ्यांनी बाईंची ताटली धुऊन पुसली, रिकामी कशी द्यायची म्हणून तिच्यात चकल्या ठेवल्या, आणि जर्मन बोलायला मला खाली बरोबर नेलं.

“घरी केलेल्या आहेत म्हणून सांग,” ते म्हणाले. मी सांगितलं.

“केक छान होता म्हणावं.” तेही सांगितलं.

“आणि म्हणावं, कधीही वर येत जा, घर तुमचंच आहे.”

हे मात्र मी सांगितलं नाही. गुड नाइट म्हटलं आणि बाबांना हाताला धरून जिना चढले.